दर्जाचा शिक्का कोण मारतो?

छत्तीसगड सरकारने २००२ मध्ये एक कायदा केला आणि पाहता पाहता त्या राज्यात ११२ खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. काहींचा सगळा पसारा एका खोलीत मावत होता. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये न्यायालयाने या विद्यापीठांचा कायदेशीर आधारच काढून घेतला. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम घटनेने केंद्राकडे दिले आहे, हे त्या निकालाने राज्यांना ठणकावून सांगितले.

केंद्राची यंत्रणा तरी कुठे एक आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला, तंत्रशिक्षण परिषदेला १९८७ मध्ये. विधी, औषधनिर्माण, परिचर्या यांच्या परिषदा आणखी वेगळ्या. शिवाय संलग्नीकरणासाठी विद्यापीठाची समिती येते ती येतेच.

परवानगी देणे एक, दर्जा तपासणे दुसरे. या दुसऱ्या कामासाठी १९९४ मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, स्थापन झाली. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली होती; संस्था भराभर वाढत होत्या आणि तपासनीस हवाच होता. पण नॅकची तपासणी आधी महाविद्यालयाने स्वतःच लिहिलेल्या अहवालावर उभी असते. २०१७ च्या सुधारणेनंतर सुमारे ७० टक्के गुण आकडेवारीवर गेले. मग प्राध्यापक फाइली भरण्यात बुडाले आणि अहवाल ‘बसवून’ देणाऱ्या सल्लागारांचा धंदा फोफावला. नॅकची तपासणी समिती (‘पिअर टीम’) येण्याआधीची रंगरंगोटी तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राध्यापकाला सांगावी लागत नाही.

नॅकने दिलेल्या श्रेणीवर प्रवेश, निधी, स्वायत्तता असे बरेच काही अवलंबून राहिले की ती विकत घेण्याचा मोहही वाढतो. पुण्याचे भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष असताना काही संस्थांच्या श्रेणींबद्दल त्यांनी शंका घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातील एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षासह अनेकांना अटक केली.

श्रेणींच्या या शर्यतीवर उतारा म्हणून या अटकांच्या आधीच इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने ए, बी, सी अशा श्रेणींऐवजी ‘मान्यता आहे किंवा नाही’ अशी सोपी पद्धत सुचवली. पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी पाच स्तर. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने नियमन, मूल्यांकन, निधी आणि अभ्यासक्रमाचे मापदंड ही चार कामे चार वेगळ्या हातांत देण्याचे सांगितले. परवाना देणारा आणि पैसा देणारा एकच नसावा, हा विचार मला पटतो.

तरीही माझी शंका वेगळीच आहे. आपल्याकडे सरकार वर्षानुवर्षे शिक्षकांची पदे रिक्त ठेवते, तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळतात आणि तेच सरकार दर्जा कमी झाला म्हणून महाविद्यालयांना नोटिसा काढते. शिक्षकच नसलेल्या विभागाला कोणती परिषद दर्जा देणार? पदभरती रोखणाऱ्या वित्त खात्याचे मूल्यांकन मात्र कुणी करत नाही.

तोवर पालकांनी एवढे करावे. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा स्वयंमूल्यांकन अहवाल उघडावा, श्रेणीचे अक्षर बाजूला ठेवून पूर्णवेळ शिक्षक किती आहेत तो तक्ता पाहावा आणि तेच शिक्षक वर्गावर येतात का, हे तिथल्या मुलांना विचारावे.