मोटारीचीं वांकणारीं चाकें आणि आपले रस्ते

पावसाळा सरून उसाच्या तोडी सुरू झाल्या म्हणजे तालुक्याच्या गांवीं टायरच्या दुकानांपुढें मोटारींची रांग लागते. कोणाचें स्टिअरिंग साठाच्या वेगास थरथरूं लागलेलें असतें, कोणाच्या चाकांतील हवा रोज सकाळीं कमी झालेली आढळते, तर कोणाच्या टायरास बाजूनें टेंगूळ आलेलें असतें. या तिन्ही तक्रारींचें मूळ बहुधा एकच, खड्ड्यांत आपटलेलें चाक. आमचे वाचकांपैकीं पुष्कळांचे दारांत आतां बैलगाडीच्या जागीं मोटार उभी असते. परंतु दर पावसाळ्यास चाकांखालीं जाणारा पैसा शेतीच्या खर्चाच्या वहींत कोठेंच मांडला जात नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या बैलगाडीचें चाक तुंबा, आरे, पुठ्ठे आणि लोखंडी धांव यांचें. तें खड्ड्यांत पडे आणि बैल ओढीत तेव्हां वर येई. धक्का बसे तो गाडीवानाच्या कंबरेस, चाकास नव्हे. कारण वेग माणसाच्या चालीचा. मोटारीची गोष्ट निराळी. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० किलोमीटरांनीं जो खड्डा निभावतो, तोच ६० किलोमीटरांनीं सव्वादोन पट जोरानें आपटतो. खड्ड्याची पलीकडची धार टायरावर आदळली म्हणजे टायर चेपून त्याची बाजू धार आणि रिम यांच्या कात्रींत सांपडते. त्यांत टायराच्या आंतील दोरे तुटले तर बाहेर टेंगूळ येतें, आणि धक्का पुढें रिमेवर गेला तर तिची कडा वांकते. ही कडा बहुधा आंतल्या बाजूची असते, कारण चाकाचे आरे बाहेरच्या तोंडाशीं असतात व आंतल्या कडेस पाठबळ कमी. यामुळें बाहेरून चाक नवेंकोरें दिसतें आणि मालक म्हणतो, ‘‘चाकास तर कांहींच झालें नाहीं!’’ गाडी उचलून चाक हातानें फिरवून पाहिल्याशिवाय दोष दिसत नाहीं.

आतां चाकांच्या हौसेविषयीं. टायरावर १८५/६५ आर १५ असे आंकडे असतात. पहिला आंकडा टायराची रुंदी मिलिमीटरांत, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें, आणि तिसरा रिमेचा व्यास इंचांत. या हिशेबानें वरील टायराची बाजू सुमारें १२० मिलिमीटर उंच होते. याच गाडीस कित्येक तरुण मंडळी शोभेसाठीं २०५/४५ आर १७ चीं चाकें बसवितात. चाकाची एकूण उंची जवळ जवळ तेवढीच राहते, परंतु रबराची बाजू ९२ मिलिमीटरांवर येते. म्हणजे धक्का सोसणारी गादी एका इंचाहून अधिक कमी झाली आणि तिची जागा धातूनें घेतली. गुळगुळीत महामार्गावर हें चालून जाईल. पाणंदींतून मळ्यावर जाणाऱ्या गाडीस तें मुळींच परवडणारें नाहीं. नवी गाडी घेतांना सर्वांत वरची तऱ्हा घ्यावी असा घरांत आग्रह होतो, व त्या तऱ्हेस चाकें मोठीं आणि टायर बुटके असतात. अशा वेळीं खालच्या तऱ्हेचीं लहान चाकें पतकरावींत असें आमचें स्पष्ट मत आहे. पाहुण्यांस काय वाटेल याचा विचार पाहुण्यांनीं करावा.

हवेकडे तर कोणी लक्षच देत नाहीं. हवा कमी असली कीं टायर लवकर चेपतें व रिम उघडी पडते. फाजील भरली तर टायर दगडासारखें होऊन धक्का जसाच्या तसा चाकास आणि शॉकअपांस देतें. योग्य हवेचा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठीवर बहुधा छापलेला असतो. रिकाम्या गाडीचा एक व भरलेल्या गाडीचा एक. हवा सकाळीं, टायर थंड असतांना पाहावी. येथें आपल्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. युरियाचीं ४५ किलोंचीं चार पोतीं डिकींत टाकून, वर तीन माणसें मागें बसवून आपण बाजाराहून परततों. डिकींतलें हें ओझें १८० किलोंचें झालें, पण हवा मात्र रिकाम्या गाडीचीच! मग मागलीं चाकें वांकलीं तर नवल कसलें?

खड्डा अवचित समोर आला तर बहुतेक जण ब्रेक दाबून धरतात. ब्रेक दाबलेला असला म्हणजे गाडीचा भार पुढें झुकतो, पुढल्या स्प्रिंगा आधींच दबलेल्या असतात, आणि चाकास वर उचलण्यास जागा उरत नाहीं. म्हणून ब्रेक खड्ड्याच्या आधीं लावावा आणि धार येण्यापूर्वीं सोडून द्यावा. पाण्यानें भरलेला खड्डा खोलच आहे असें धरून चालावें.

चाक वांकलेंच तर काय करावें? साध्या लोखंडी डिस्कची कडा दाबयंत्रावर सरळ होते, खर्चही थोडा येतो. मात्र एकाच जागीं पुनः पुनः ठोकून सरळ केलेलें लोखंड थकतें व पुढें चिरतें. ज्यांस बाजारांत मॅगव्हील किंवा अलॉय म्हणतात तीं चाकें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं असतात. त्यांस कारखान्यांत ठराविक उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. गॅसच्या ज्योतीनें अंदाजानें तापवून ठोकलें कीं ती बळकटी उतरते. चाक दिसावयास गोल होतें, पण पूर्वीचें राहत नाहीं. किंचित् वांक जाणत्या कारागिराकडून काढून घेण्यास हरकत नाहीं. तडा गेला असेल तर मात्र तें चाक मोडींत घालावें.

आमचे परिचयाचे एक बागाईतदार आहेत. त्यांच्या अलॉय चाकाच्या आंतल्या बाजूस बोटभर तडा गेला होता. एका दुकानदारानें वेल्डिंग करून, वर रंग देऊन, ‘‘आतां दहा वर्षें पाहूं नका’’ असें सांगितलें. पुढल्याच पावसाळ्यांत घरचीं सर्व मंडळी गाडींत असतां जोड्यालगत चाक पुन्हां चिरलें व टायरांतील हवा एकदम गेली. वेग कमी होता म्हणून गाडी चरांत उतरून थांबली. लेकीच्या लग्नाची खरेदी करून ते परत येत होते. त्या दुकानदाराचें म्हणणें, रस्ता खराब होता.

हवा हळूहळू जात असेल तर कडेवर साबणाचें पाणी लावून पाहावें. कारागिरास ‘‘आऊट किती आहे?’’ असें विचारून चाक यंत्रावर फिरवून दाखविण्यास सांगावें. नुसत्या बॅलन्सिंगच्या शिशानें वांक जात नाहीं. चाक पुन्हां बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनीं नट एकदां आवळून घ्यावेत. विम्याचें म्हणाल तर सामान्य पॉलिसींत गाडीस अन्य इजा झाल्याशिवाय नुसत्या टायराचें नुकसान मिळत नाहीं, आणि मिळालें तरी निम्मेंच. शिवाय लहान रकमेसाठीं दावा केल्यास पुढील वर्षाची बोनसची सूट जाते.

परंतु चाकांचा विचार रस्त्यांवांचून पुरा होत नाहीं. डांबराच्या भेगेंतून पाणी आंत शिरतें, खालची खडी व मुरूम सैल होतो, आणि वरून जाणारें प्रत्येक चाक तो चिखल पिचकारीसारखा बाहेर फेंकतें. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभावच पाण्यानें फुगण्याचा व उन्हाळ्यांत भेगाळण्याचा, म्हणून तिच्यावरील रस्ता लवकर खचतो. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं १९५८ ते १९६० या काळांत रस्त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांवरून असें ठरलें कीं, रस्त्याची झीज आंसावरील भाराच्या सुमारें चौथ्या घाताच्या प्रमाणांत होते. ट्रॉलींत पंचमांश ऊस जास्त भरला तर रस्ता दुपटीनें झिजतो!

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें एक अप्रिय गोष्ट लिहिणें भाग आहे. पुष्कळ खड्डे आपण शेतकरीच पाडतों. पाइपलाइनीसाठीं रात्रींतून रस्ता खणून वर चार घमेलीं माती लोटणें, शेतांत ट्रॅक्टर उतरविण्यासाठीं बाजूचा चर नळी न घालतां बुजविणें, भरण्याचें पाणी रस्त्यावर सोडून देणें, हे प्रकार गांवोगांव चालतात. मामलेदारापुढें वहिवाटीचे अर्ज करणारेच कित्येकदां चर बुजविणारे असत, हें आम्हीं दप्तरांत पाहिलेलें आहे. रस्ता ओलांडून नळ न्यावयाचा असल्यास परवानगी घेऊन लोखंडी किंवा सिमेंटच्या नळींतून न्यावा आणि खणलेला भाग मुरूम व खडी थरांथरांनीं ठोकून भरावा.

सरकारी दोषही लहान नाहीं. चांगले रस्ते हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं म्हटलें आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या १९८-अ या कलमान्वयें, रस्ता ठरल्या दर्जाचा न ठेवल्यामुळें मृत्यु किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार अधिकाऱ्यास वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार करावयाची तर रस्ता कोणाचा हें प्रथम पाहावें. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंतील रस्ता पुरा झाल्यापासून पांच वर्षें त्याची निगा त्याच ठेकेदारानें राखावयाची असते, व तशी माहिती रस्त्याच्या तोंडाशीं पाटीवर असते. तिची छायाचित्र-प्रत अर्जास जोडावी. अर्जांत ‘‘रस्ता खराब आहे’’ एवढेंच न लिहितां कोणत्या किलोमीटरच्या दगडापुढें, कोणाच्या गटासमोर, किती लांबरुंद व खोल खड्डा आहे तें मापून लिहावें. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये. कारण ज्या अर्जास आवक क्रमांक नाहीं, तो कचेरीच्या लेखीं आलेलाच नसतो.