साडेसहा चमचे

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत केली. टेबलावर कोल्ड्रिंकची २५० मिलीलिटरची बाटली ठेवली, शेजारी साखरेचा डबा, एक रिकामा ग्लास आणि चहाचा चमचा. बाटलीवरचं बारीक अक्षरातलं लेबल वाचायला एका तीक्ष्ण डोळ्यांच्या मुलाला पुढे बोलावलं. त्याने वाचलं, ‘१०० मिलीलिटरमध्ये साखर १०.६ ग्रॅम.’ मग फळ्यावर गणित मांडलं. २५० मिलीलिटरमध्ये किती? साडेसव्वीस ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर मावते. म्हणजे चमचे किती झाले?

एकेकाने येऊन ग्लासात एकेक चमचा साखर टाकली. तिसऱ्या चमच्यापर्यंत सगळे हसत होते. पाचव्याला हसणं कमी झालं. साडेसहा चमचे झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, एवढी साखर आई चहात घालत नाही, पूर्ण घराच्या!” जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेसुद्धा दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आमची एकच बाटली त्याच्या पुढे गेली होती!

ती मुलगी का बोलली, ते मला ठाऊक होतं. तिच्या दोन दाढा किडल्या आहेत आणि महिन्यातून दोन-तीन दिवस ती गालाला रुमाल बांधून बसते. तिला सकाळी डबा नसतो, दहा रुपये असतात. आई-वडील पहाटे कामाला जातात. दहा रुपयांत शाळेसमोर काय मिळतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

त्याच वेळी एका मुलाने विचारलं, “बाई, सरकार हे महाग का करत नाही?”

प्रश्न छोटा, पण त्याचं उत्तर शोधायला मला मेक्सिकोपर्यंत जावं लागलं. तुम्हीही चला माझ्याबरोबर. नकाशात अमेरिकेच्या खाली पाहा, तोच तो देश.

मेक्सिकोचे लोक शीतपेयांचे भलतेच शौकीन. एका माणसामागे वर्षाला दीडशे लिटरहून जास्त खप असं तिथलं प्रमाण सांगितलं जाई. दक्षिणेकडच्या चियापास राज्यात तर चामुला नावाच्या गावच्या चर्चमध्ये पूजाविधीतही शीतपेयाच्या बाटल्या ठेवतात! हसू नका हं, ती त्यांची श्रद्धा आहे. पण मधुमेह तिथे मृत्यूच्या सगळ्यांत मोठ्या कारणांपैकी एक झाला होता, आणि लठ्ठपणाची काळजी सगळ्यांना होती. शेवटी १ जानेवारी २०१४ पासून सरकारने गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पेसो म्हणजे तिथलं चलन. किंमत साधारण दहा टक्क्यांनी वाढली. कंपन्यांनी अर्थातच खूप आरडाओरडा केला.

मग झालं काय? संशोधकांनी घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या. कर नसता तर जेवढी पेयं विकत घेतली गेली असती, त्यापेक्षा पहिल्या वर्षी सुमारे साडेपाच टक्के कमी घेतली गेली आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ दहा टक्के. साध्या पाण्याच्या बाटल्यांची खरेदी मात्र वाढली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्यांत जास्त कपात केली ती गरीब घरांनी.

हे वाचून तुम्हाला काय वाटतं? मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, बरं झालं. आणि दुसरी, अरेरे! कारण श्रीमंताला एक पेसो म्हणजे काहीच नाही, तो पीतच राहतो. गरिबालाच हात आखडता घ्यावा लागतो. पालकसभेत मी हे बोलले, तर एक वडील उठून म्हणाले, “बाई, म्हणजे करही आम्हीच भरायचा आणि उपाशीही आम्हीच राहायचं?” सभेत हशा पिकला, पण ते विनोदाने बोलले नव्हते. मी त्यांना एवढंच म्हणाले, की मधुमेहाचा आणि दातांचा खर्चही आधी गरिबालाच मारतो. ते मान हलवत खाली बसले. पटलं म्हणून की कंटाळून, कोण जाणे.

या भांडणावर मेक्सिकोतल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी एक तोड सुचवली होती. जमलेल्या करातून शाळाशाळांत स्वच्छ पिण्याच्या पाण्याची सोय करा, अशी त्यांची मागणी होती. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. नळाला पाणी नाही आणि बाटली महाग केली, तर पोराने प्यायचं काय?

आता विमानात बसा आणि इंग्लंडला या. तिथला एक प्रसिद्ध आचारी आहे, जेमी ऑलिव्हर. त्याने २०१५ मध्ये आपल्या उपाहारगृहांत गोड पेयांवर स्वतःहूनच दहा पेन्स जादा घ्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, मार्च २०१६ मध्ये, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अर्थसंकल्पात साखरेच्या करची घोषणा केली. कर लागू झाला एप्रिल २०१८ पासून. मधली दोन वर्षं कंपन्यांना मुद्दाम दिली होती. का, ते आता बघा.

इंग्रजांनी कर गिऱ्हाइकावर नाही, तर पेय बनवणाऱ्यांवर बसवला, आणि तोही साखर मोजून! १०० मिलीलिटरमध्ये साखर पाच ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कर शून्य. पाच ते आठ ग्रॅमच्या मध्ये असेल तर लिटरला १८ पेन्स. आठ किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स. हे सुरुवातीचे दर, पुढे ते वाढले. आता तुम्ही कंपनीचे मालक आहात असं समजा. काय कराल? बरोब्बर! साखर पाचच्या खाली आणाल. तिथेही तेच झालं. कर लागण्याआधीच कितीतरी पेयांतली साखर घटली. स्कॉटलंडमध्ये आयर्न-ब्रू नावाचं नारिंगी पेय आहे, तिथल्या लोकांचा जीव की प्राण. त्यातली साखर १०० मिलीलिटरला १०.३ ग्रॅम होती, ती जानेवारी २०१८ मध्ये ४.७ वर आली. तेव्हा काही बहाद्दरांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके घरात भरून ठेवले! आपल्याकडे आंबे संपत आल्यावर जशी धावाधाव होते ना, तशी.

यात खुबी ही, की बाटली घेणाऱ्याने काही न करताही त्याच्या पोटात साखर कमी गेली. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी होता. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. आणि किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांची संख्या अंदाजापेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी घटली. हे वाचताना मला आमची गालाला रुमाल बांधणारी आठवली.

पण कर लावला की सगळं झटक्यात सुधारतं असं नाही बरं का. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये लोणी, चीज, मांस अशा पदार्थांतल्या चरबीवर कर बसवला. लोक गाड्या काढून शेजारच्या जर्मनीत गेले आणि तिथून लोणी आणू लागले! १ जानेवारी २०१३ पासून तो कर गुंडाळला गेला. आपल्या केरळनेही २०१६ मध्ये मोठ्या नावांच्या उपाहारगृहांतल्या पिझ्झा-बर्गरवर साडेचौदा टक्के कर लावला होता. मात्र टपरीवरच्या तळणाला तो लागू नव्हता. पुढच्याच वर्षी देशभर जीएसटी आला आणि तो कर संपला.

आणि आपला देश? आपल्याकडे फसफसणाऱ्या शीतपेयांवर कर नाही असं मुळीच नाही. सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर ४० टक्के जीएसटी आहे. वीस रुपयांच्या बाटलीत जवळजवळ पावणेसहा रुपये कराचे असतात. आधीही साधारण तेवढाच कर होता, २८ अधिक १२ असा. मग अडलं कुठे? आपला कर साखर मोजत नाही. साखर घातलेल्या बाटलीवर ४० आणि साखरविरहित बाटलीवरही ४०. मग कंपनीने चमचे कमी का करावेत? उलट, न फसफसणाऱ्या फळांच्या पेयांवर फक्त पाच टक्के. आमच्या वर्गाने दुसऱ्या दिवशी आंब्याच्या एका पेयाचं लेबल वाचलं. त्यातली साखर कोल्ड्रिंकपेक्षा थोडी जास्तच निघाली! चित्र मात्र झाडावरच्या आंब्याचं होतं.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं, की बाळा, सरकारने महाग केलंय, पण मोजून केलेलं नाही. त्यावर तो जे म्हणाला ते मला सुचलं नव्हतं. “मग आपण मोजू की!”

तेव्हापासून वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. शाळेसमोर मिळणाऱ्या प्रत्येक पेयाचं नाव आणि पुढे चमचे. अकरा नावं झाली आहेत. दुकानदारकाका एकदा मधल्या सुट्टीत येऊन तो वाचून गेले. थोडे रागावलेच. दोन दिवसांनी काउंटरवर त्यांनी लिंबू सरबताची किटली ठेवली, पाच रुपयांना ग्लास. पोरांनी लगेच विचारलं, “काका, यात किती चमचे?” काकांनी दोन सांगितले. आम्ही अजून तपासलेलं नाही.