कागदाच्या शंकूतला सूर

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा छेडल्या आणि ॲम्प्लिफायर बंदच ठेवला, तर शेजारच्या खोलीतही काही ऐकू जात नाही. तिला सतारीसारखा भोपळा नसतो. पोलादी तारेच्या थरथरीतून तिच्याखालच्या पिकअपच्या वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उमटतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि शेवटी कागदाचा एक शंकू मागेपुढे हलून हवेला हलवतो. सतारीत भोपळा जे काम करतो, ते इथे स्पीकर करतो. त्यामुळे स्पीकर बदलला की वाद्याचा आवाजच बदलतो.

या शंकूची आजची रचना शंभर वर्षांची आहे. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ती शोधनिबंधातून मांडली. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी शंकू म्हणजे ‘कोन’ आणि दोघांना मधोमध धरून ठेवणारा ‘स्पायडर’. प्रवाह आला की कॉइल हलते, तिच्याबरोबर कोन हलतो.

खरे नवल पुढे आहे. घरी गाणी ऐकण्याच्या चांगल्या स्पीकर संचाकडून 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज जसाच्या तसा मिळावा अशी अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर साधारण 75 ते 5,000 हर्ट्झ एवढाच पट्टा सांभाळतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर 82 हर्ट्झचा, म्हणजे खालची बाजू पुरते. वरची बाजू तुटते, आणि तेच हवे असते. ॲम्प्लिफायर जोरात चालवून सूर फाटला की त्यात कानाला टोचणारे उंच स्वर मिसळतात. जाड कागद तेवढ्या वेगाने हलू शकत नाही, म्हणून ते वाटेतच गळतात. हाच फाटलेला सूर ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर लावलेल्या साउंड सिस्टिमवर थेट सोडला, तर तो माश्या घोंघावल्यासारखा ऐकू येतो. 1964 मध्ये इंग्लंडच्या ‘द किंक्स’ या बँडचे डेव्ह डेव्हिस यांनी तर आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरचा कोन ब्लेडने चिरला. त्या चिरलेल्या कागदाचा खरखरीत आवाज रॉक संगीताची ओळख बनला.

महाराष्ट्राला तार आणि स्पीकर यांचे हे नाते परके नाही. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखनयंत्रासारख्या कळांचे ‘तायशोगोतो’ हे तंतुवाद्य बनवले. भारतात ते बुलबुल तरंग झाले. पिकअप आणि ॲम्प्लिफायर जोडून तेच मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांचे बेंजो झाले. बेंजो पार्टीतल्या वादकाला तार आणि स्पीकर यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात एखाद्या मुलाच्या गिटार ॲम्प्लिफायरचा स्पीकर जळाला असे समजा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर असा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार हाताशी नाही. तरीही चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या तर योग्य स्पीकर मागवता येतो.

पहिली गोष्ट ओहम. ॲम्प्लिफायरच्या मागे 4, 8 किंवा 16 ओहम लिहिलेले असते, नवा स्पीकर तेवढ्याचाच घ्यावा. मल्टिमीटर लावला तर 8 ओहमचा धडधाकट स्पीकर 6 ते 7 ओहम दाखवतो, तो दोष नव्हे. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. दोन 8 ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर 4 होतात, एकापुढे एक जोडले तर 16. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय कधीही चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरी गोष्ट वॉट. स्पीकरची क्षमता ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त हवी. एकच स्पीकर असेल तर दुप्पट ठेवणे सुरक्षित, कारण फाटलेल्या सुरात ॲम्प्लिफायर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त जोर देतो. नावावर जाऊ नये. सेलेस्टियन कंपनीचा ‘व्हिंटेज 30’ प्रत्यक्षात 60 वॉटचा आहे.

तिसरी गोष्ट संवेदनशीलता. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. दुकानात याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 97 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॉट देऊन जेवढा आवाज होतो, तेवढा 100 डेसिबलचा स्पीकर 50 वॉटमध्येच देतो. आवाज कमी पडतो म्हणून मोठा ॲम्प्लिफायर घेण्याआधी हा आकडा पाहावा.

चौथी गोष्ट माप. 8, 10 की 12 इंच, स्क्रूची भोके किती आणि मागे चुंबकाला जागा किती, हे टेपने मोजावे. चुंबकाच्या जातीनेही फरक पडतो. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा ‘अल्निको’ मऊ आवाजासाठी नावाजलेला, पण महाग. 1970च्या दशकाअखेरीस झैरेतल्या (आजच्या काँगोतल्या) अशांततेमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि स्वस्त फेराइट चुंबकाने बाजार व्यापला. निओडिमियम चुंबकाचा स्पीकर मात्र वजनाला बराच हलका. ॲम्प्लिफायर खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याला तोच सोयीचा.

पेटीत दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा. त्याचे धन टोक स्पीकरच्या लाल खुणेला आणि ऋण टोक दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवावे. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. जोडणी उलटी झाली तर एक कोन हवा पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. नवा कोन थोडा ताठर असतो. काही तास वाजवल्यावर त्याची कड सैल होते आणि आवाज मोकळा होतो, म्हणून पहिल्याच दिवशी निकाल देऊ नये.

शेवटची विनंती जुन्या स्पीकरबद्दल. तो भंगारात देऊ नका. चुंबक आणि लोखंडी सांगाडा सहसा शाबूत असतो, जळते ती कॉइल आणि फाटतो तो कागद. स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवा कोन आणि नवी कॉइल बसवून देतात, आणि तोच स्पीकर पुन्हा वर्षानुवर्षे वाजतो.