आम्लात राहणारा जीवाणू

हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंडाचा खिळा टाकला की बुडबुडे येतात आणि खिळा झिजू लागतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. हेच आम्ल आपल्या जठरातही असते. मग जठर का झिजत नाही? कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्माचा बुळबुळीत थर पसरलेला असतो.

या अस्तराला सूज आली की त्याला जठरदाह म्हणतात. काही वेळा तो थोड्या दिवसांत बरा होतो. वर्षानुवर्षे टिकला, तर तो जुनाट जठरदाह. पुष्कळदा तो जाणवतही नाही. पण त्यातून काहींना व्रण (अल्सर) होतो, तर थोड्यांना कर्करोगही.

पूर्वी व्रणाचा दोष काळजी, तिखट आणि जादा आम्ल यांना दिला जाई. इतक्या आम्लात जीवाणू जगणार कसे? पण १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना वळणदार जीवाणू दिसले. असे जीवाणू असत, तेथे बहुधा दाहही असे. १९८१ पासून तरुण डॉ. बॅरी मार्शल त्यांच्यासोबत काम करू लागले. जीवाणू काचेच्या बशीत वाढेनात. दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत मात्र बशा तशाच राहिल्या आणि त्यांत जीवाणू वाढले! त्यांना फक्त वेळ हवा होता.

तरीही अनेकांना पटेना. दाह जीवाणूंमुळे होतो, की दाह झालेल्या जागी जीवाणू येतात? १९८४ मध्ये मार्शल यांनी आपले जठर निरोगी असल्याची तपासणी करून घेतली आणि जीवाणूंचे द्रावण स्वतःच प्यायले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी अस्तराच्या तुकड्यात दाहही दिसला आणि जीवाणूही! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हे या जीवाणूचे नाव. तो यूरिएज नावाच्या विकराने यूरियापासून अमोनिया तयार करतो. अमोनियामुळे त्याच्याभोवतीचे आम्ल उदासीन होते आणि तो सुखाने राहतो.

प्रत्येक जठरदाह या जीवाणूमुळे होत नाही. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही अस्तराला इजा होते. म्हणून पोटात वारंवार जळजळ होत असेल, तर मनानेच गोळ्या न घेता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जीवाणू सापडला, तर प्रतिजैविकांनी तो बहुधा नाहीसा करता येतो. मार्शल यांचा प्रयोग मात्र कोणी करून पाहू नये. त्यांच्याकडून घ्यायचा तो प्रश्न विचारण्याचा धीर!