जुन्या मोटारगाडीच्या पत्र्यावरील रंग काढण्याच्या पद्धती : एक विवेचन

बीजसंज्ञा : रंग काढणे, पत्रा, पेंट रिमूव्हर, सिलिकोसिस, जतन

प्रस्तावना :
जुन्या मोटारगाडीच्या पुनरुज्जीवनात नव्या रंगाची चर्चा अधिक होते. परंतु त्या रंगाचे आयुष्य जुना रंग कसा काढला यावर अवलंबून असते. मुंबईतील कुर्ला येथे १९६० च्या दशकात तयार होऊ लागलेली फियाट ११०० डी, म्हणजेच पुढील काळातील प्रीमियर पद्मिनी, हे याचे परिचित उदाहरण होय. अशा गाडीचा बाहेरील पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. प्रस्तुत लेखात रंग काढण्याच्या प्रमुख पद्धतींचा विचार पत्र्याची सुरक्षितता आणि कारागिराचे आरोग्य या दोन निकषांवर केला आहे.

थरांची तपासणी :
प्रथम एखाद्या झाकलेल्या जागी, उदाहरणार्थ डिकीच्या आतील बाजूस, पॉलिश पेपरने अलगद घासून थर उघडे करावेत. मूळ रंग, नंतरचे रंग, पुट्टी आणि प्रायमर वलयांसारखे दिसतात. त्यांची छायाचित्रे व नोंद ठेवावी. कारण मूळ रंगछटेचा हा पुरावा एकदा नष्ट झाला की पुन्हा मिळत नाही.

प्रमुख पद्धती :
१) घासणे : ही पद्धत संथ असली तरी नियंत्रणात राहते. ग्राइंडर एकाच जागी टेकवल्यास मात्र पत्रा तापून वाकतो व पातळ होतो.
२) रासायनिक पद्धत : पेंट रिमूव्हरमुळे रंग फुगून सुटतो आणि पत्र्याला धक्का बसत नाही. परंतु सांध्यांत व दुमडीत उरलेले रसायन पुढे नवा रंग उचलते. म्हणून सांध्यांच्या कडा चिकटपट्टीने झाकून तेथील रंग हाताने काढावा.
३) सँडब्लास्टिंग : गंजलेल्या जाड भागांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. बॉनेट, छप्पर यांसारखे सपाट पत्रे मात्र तिने वाकतात. याचे कारण केवळ उष्णता असल्याचा समज आहे. वस्तुतः कणांच्या आघाताने पत्र्याचा वरचा थर ताणला जातो, हे मुख्य कारण होय.
४) सोडा ब्लास्टिंग : खाण्याच्या सोड्याचे कण मऊ असल्याने पत्रा सुरक्षित राहतो, परंतु गंज निघत नाही. उरलेला सोडा नीट न धुतल्यास प्रायमर पकड घेत नाही.

कारागिराचे आरोग्य :
अनेक रिमूव्हरमधील डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. श्वासावाटे गेल्यास शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत साचते. वाळूतील सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार जडतो. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसेयुक्त लेड क्रोमेट असण्याची शक्यता असते. त्यामुळे असा रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ वा सूक्ष्म धूळ अडवू शकत नाही. योग्य श्वसनमुखवटा, हातमोजे व खेळती हवा आवश्यकच आहे.

निष्कर्ष :
संपूर्ण गाडीला एकच पद्धत योग्य ठरत नाही. सपाट पत्र्यास रसायन किंवा हाताने घासणे, जाड गंजक्या भागास ब्लास्टिंग व सांध्यांना हातकाम अशी विभागणी हितावह होय. उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच गंजू लागतो. म्हणून एका दिवसात प्रायमर लावता येईल तेवढाच भाग उघडा करावा. जेथे मूळ रंग शाबूत आहे, तेथे तो न काढणे हीच जतनाची उत्तम पद्धत ठरते.