अनुभवी अध्यक्ष आणि अप्रिय वार्ता

१९७६ सालच्या ६ ऑक्टोबरच्या रात्री सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकन अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचा जाहीर वादविवाद चालू होता. विषय परराष्ट्रनीतीचा होता. एका बाजूस जेराल्ड फोर्ड होते. त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षे काँग्रेसमध्ये काढली होती, दोन वर्षे प्रत्यक्ष अध्यक्षपद सांभाळले होते आणि आदल्याच वर्षी हेलसिंकी येथे ब्रेझनेव्ह यांच्यासमवेत करारावर सही केली होती. दुसऱ्या बाजूस जॉर्जिया राज्याचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर होते. भुईमुगाची शेती आणि नौदलातील काही वर्षे एवढीच त्यांची ओळख सांगितली जात असे. पूर्व युरोपचा प्रश्न निघताच फोर्ड म्हणाले की, तेथे सोव्हिएत रशियाचे वर्चस्व नाही आणि आपल्या कारकीर्दीत ते कधी असणारही नाही. प्रश्न विचारणारे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मॅक्स फ्रँकेल चकित झाले. त्यांनी विधान सुधारून घेण्याची संधी दिली, तेव्हा फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि पोलंड यांची नावे घेऊन तेच पुन्हा ठासून सांगितले. पोलंडच्या भूमीवर त्या वेळी रशियन फौजा होत्या. पुढे कित्येक दिवस फोर्ड यांनी चूक कबूल केली नाही. ते निवडणूक हरले. त्याला इतरही कारणे होती. पण परराष्ट्र व्यवहाराच्या परीक्षेत त्या रात्री अनुभवी उमेदवार नापास झाला आणि नवखा उत्तीर्ण झाला, हे खरे.

अध्यक्षपदाच्या उमेदवाराला परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव असावा काय, हा प्रश्न अमेरिकेत दर चार वर्षांनी निघतो. अमेरिकन मतदार मात्र त्याला फारसे महत्त्व देताना दिसत नाही. १९७७ ते २००९ या बत्तीस वर्षांत त्या देशाचे पाच अध्यक्ष झाले. त्यांपैकी चौघे राज्यांच्या गव्हर्नरपदावरून आलेले होते. पाचवे थोरले जॉर्ज बुश हे संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधी, पेकिंगमधील अमेरिकन कार्यालयाचे प्रमुख, गुप्तहेर संघटनेचे संचालक आणि आठ वर्षे उपाध्यक्ष असे सर्व पायऱ्या चढून आले होते. आखाती युद्ध जिंकूनही १९९२ साली आर्कान्सासारख्या लहान राज्याच्या गव्हर्नराने त्यांचा पराभव केला.

मतदाराची ही उदासीनता चमत्कारिक आहे. घरच्या कारभारात अमेरिकन अध्यक्षाचे हात काँग्रेस, न्यायालये आणि घटकराज्ये यांनी बांधलेले असतात. कर बसवायचा तर त्याला सेनेटरांच्या विनवण्या कराव्या लागतात. परराष्ट्र व्यवहारात मात्र तो पुष्कळसा मोकळा असतो. काँग्रेसने रीतसर युद्धघोषणा केली ती १९४२ साली शेवटची. कोरिया, व्हिएटनाम आणि इराक येथील युद्धे तशा घोषणेवाचून झाली. १९७३ साली अध्यक्षाच्या युद्धाधिकाराला आळा घालणारा कायदा झाला खरा, पण पुढच्या अध्यक्षांनी त्याची फारशी तमा बाळगली नाही. अण्वस्त्रे वापरण्याची आज्ञा तर तो एकटाच देऊ शकतो. जेथे त्याची सत्ता सर्वांत मोठी, तेथील त्याच्या तयारीविषयी मतदार सर्वांत कमी विचारतो, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा अनुभवाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हॅरी ट्रूमन अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट निवर्तले. त्या दिवशी संध्याकाळी युद्धमंत्री स्टिम्सन यांनी नव्या अध्यक्षांना बाजूला घेऊन एका अजब शस्त्राविषयी चार शब्द सांगितले. अणुबाँबची साद्यंत हकिकत त्यांना २५ एप्रिल रोजी कळली आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत हिरोशिमा घडले. एवढा निर्णय घ्यावयास कोणाला किती वर्षांची पूर्वतयारी पुरली असती, हा प्रश्न वेगळा. पण कोरी पाटी घेऊन त्या खुर्चीवर बसणे किती भयंकर असते, हे यावरून दिसते.

मात्र अनुभवाचा अर्थ काय घ्यावयाचा? २००८ साली हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांनी दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखविली. पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमधील टेलिफोन वाजतो आहे, तो कोणी उचलावा असे तुम्हाला वाटते, असा तिचा रोख होता. जाहिरात नामी होती. परंतु तिने गृहीत धरले होते की, पलीकडून येणारी वार्ता ऐकून घेण्याची तयारी उचलणाऱ्याची असतेच. इतिहासात नेमकी हीच गोष्ट गृहीत धरता येत नाही.

याचा सर्वांत कटू दाखला आपल्याच शेजारचा आहे. रिचर्ड निक्सन यांच्याइतका जगाचा अभ्यास असलेले अध्यक्ष अमेरिकेला क्वचितच लाभले. आठ वर्षे उपाध्यक्ष असताना त्यांनी देशोदेशी प्रवास केला. १९५३ साली ते भारतातही येऊन गेले. चीनला फार काळ वाळीत टाकून चालणार नाही, हे त्यांनी अध्यक्ष होण्यापूर्वीच लिहिले होते आणि १९७२ साली पेकिंगला जाऊन ते खरेही करून दाखविले. या दूरदृष्टीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण तिची किंमत कोणी मोजली? २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली. तेथील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी डोळ्यांपुढे घडत होते ते वॉशिंग्टनला कळविले. ६ एप्रिल रोजी त्यांच्या वीस सहकाऱ्यांच्या सह्यांची एक तार गेली. आपल्या सरकारने नैतिक दिवाळखोरी पत्करली आहे, असे तीत स्पष्ट म्हटले होते आणि ब्लड यांनी तिला आपला पाठिंबा जोडला होता. दिल्लीतील अमेरिकन राजदूत केनेथ कीटिंग यांचाही सूर तोच होता. हे कीटिंग कोणी डावे विचारवंत नव्हते. निक्सन यांच्याच पक्षाचे ते माजी सेनेटर होते.

निक्सन यांनी काय केले? त्यांनी आपल्या सल्लागारांच्या २८ एप्रिलच्या टिपणावर स्वहस्ते शेरा मारला की, याह्याखान यांच्यावर या वेळी दडपण आणू नये. ब्लड यांना ढाक्यातून हलविण्यात आले. याह्याखान हे पेकिंगला निरोप पोहोचविणारे मध्यस्थ होते आणि जुलैत किसिंजर पाकिस्तानातूनच गुप्तपणे तेथे जाणार होते, हे त्यामागचे कारण. परंतु एवढेच नव्हे. व्हाइट हाउसमधील संभाषणाच्या ज्या ध्वनिफिती पुढे प्रसिद्ध झाल्या, त्यांत भारताविषयी आणि इंदिरा गांधींविषयी या दोघा विद्वानांची जी भाषा ऐकू येते, ती अभ्यासकाची नसून जुना राग उगाळणाऱ्याची आहे. निक्सन यांचा भारताविषयीचा अनुभव पक्का झाला होता. तो इतका पक्का झाला होता की, नवी माहिती आत शिरावयास जागाच उरली नव्हती. एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले तरी ते मत हलले नाही. डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, हे त्या पिढीतील वाचक विसरलेले नाहीत.

ट्रूमनही या दोषातून सुटले नाहीत. ऑक्टोबर १९५० च्या आरंभी एका मध्यरात्री चौ एन-लाय यांनी आपले राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि अमेरिकन सैन्य अडतिसावे अक्षांश ओलांडून उत्तर कोरियात शिरले तर चीन स्वस्थ बसणार नाही, असे बजावले. हा निरोप वॉशिंग्टनला पोहोचला. पण पणिक्कर हे चीनचे पक्षपाती समजले जात, म्हणून तो बाजूस सारण्यात आला. उलट जनरल मॅकार्थर यांनी १५ ऑक्टोबर रोजी वेक बेटावर ट्रूमन यांना भेटून चीन मध्ये पडण्याचा संभव फार थोडा आहे, अशी ग्वाही दिली. मॅकार्थर यांचे आयुष्य आशियात गेले होते. १९३७ नंतर त्यांनी मायदेशी पाऊलही ठेवले नव्हते. त्या काळात आशियाचा अनुभव म्हणतात तो त्यांच्याहून अधिक कोणापाशी असणार? पण आठवडाभरातच चिनी सैन्य यालू नदी ओलांडू लागले होते.

हा दोष केवळ अमेरिकनांचा आहे असे मात्र नव्हे. जागतिक राजकारणाची नेहरूंइतकी जाण असलेला दुसरा पंतप्रधान आपल्याला मिळालेला नाही. तिबेट आणि उत्तर सीमा यांविषयी वल्लभभाई पटेल यांनी त्यांना नोव्हेंबर १९५० मध्येच सविस्तर पत्र लिहून सावध केले होते. १९६२ साली काय झाले, हे सांगावयास नको.

याउलट केनेडींचे उदाहरण पाहावे. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरील फसलेल्या स्वारीला त्यांनी संमती दिली, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचा नवखेपणा उघडा पडला. गंमत अशी की, ती योजना मुरलेल्या लोकांनी आखलेली होती. आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीतच तिची तयारी सुरू झाली होती. केनेडींनी दोष स्वतःकडे घेतला आणि मुख्य म्हणजे सल्ला कसा ऐकावा हे ते शिकले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे सापडली, तेव्हा सल्लागारांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून काही बैठकींना ते मुद्दाम हजर राहिले नाहीत. सेनापती हवाई हल्ल्याचा आग्रह धरीत होते. तो त्यांनी ऐकला, पण मानला नाही. मॉस्कोत राजदूत राहिलेले लेवेलिन थॉम्प्सन यांनी २७ ऑक्टोबरच्या बैठकीत अध्यक्षांना तोंडावर सांगितले की, क्रुश्चेव्ह यांच्याविषयीचा आपला अंदाज चुकतो आहे, ते नमते घेतील. क्रुश्चेव्ह यांना थॉम्प्सन जवळून ओळखत होते. केनेडींनी त्यांच्या सल्ल्याप्रमाणे क्रुश्चेव्ह यांच्या पहिल्या, सौम्य पत्राला उत्तर धाडले, शिवाय तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे हलविण्याचे गुप्त आश्वासनही दिले, आणि संकट टळले. अनुभव हवा होता तो खोलीत होता. अध्यक्षाच्या अंगी तो असण्याची गरज पडली नाही.

अनुभव खोलीत असूनही ऐकला जात नाही, याचा दाखला धाकट्या बुश यांच्या कारकीर्दीत मिळतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये बोस्टनच्या एका वार्ताहराने त्यांना चार देशांच्या प्रमुखांची नावे विचारली. तैवानच्या प्रमुखाचे अर्धेमुर्धे नाव त्यांनी सांगितले. वाजपेयींचे नाव त्यांना आठवले नाही. आपल्याकडे त्याची बरीच थट्टा झाली. मग त्यांनी आपल्या भोवती चेनी, रम्सफेल्ड आणि पॉवेल अशी मातबर मंडळी जमा केली. एवढा एकत्रित अनुभव क्वचितच एका मंत्रिमंडळात असेल. फेब्रुवारी २००३ मध्ये भूदलप्रमुख शिन्सेकी यांनी सेनेटच्या समितीपुढे सांगितले की, इराक ताब्यात ठेवावयास काही लाख सैनिक लागतील. संरक्षणखात्याने त्यांचे म्हणणे जाहीरपणे झिडकारले. पुढील अनर्थ सर्वविदित आहे. आणि याच बुश यांनी २००५ च्या जुलैत मनमोहन सिंग यांच्याबरोबर अणुसहकार्याचे निवेदन काढून तीस वर्षांची अढी मोडली. भारताचा बारीक अभ्यास असलेल्या निक्सन यांनी आपल्या दिशेने आरमार धाडावे आणि आपल्या पंतप्रधानाचे नाव न आठवणाऱ्याने अणुकराराचे दार उघडावे, याचा मेळ अनुभवाच्या तराजूने घालता येत नाही. अमेरिकन निवडणूक आली की भारताला अनुकूल कोण, याचे ठोकताळे बांधणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांनीही हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा उमेदवाराला विचारावयाचे ते त्याने किती देश पाहिले आणि किती समित्यांवर काम केले, हे नव्हे. त्याच्या हाताखालच्या माणसाने त्याला न रुचणारी गोष्ट सांगितली, तेव्हा त्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारले पाहिजे. गव्हर्नर असो, सेनेटर असो की व्यापारी असो, प्रत्येकाच्या मागल्या आयुष्यात याचे उत्तर सापडते. कोणाला जवळ ठेवले आणि कोणाला घालविले हे कागदोपत्री असते. वादविवादाच्या व्यासपीठावर मात्र ते कळत नाही, आणि वार्ताहरही सहसा खणून पाहत नाहीत. कार्टर यांनी १९७८ च्या सप्टेंबरात कँप डेव्हिड येथे तेरा दिवस नकाशे उलगडून सादत आणि बेगिन यांचा समेट घडविला, तो स्वतः शिकण्याच्या चिकाटीने. परंतु पुढच्याच वर्षी, इराणच्या पदच्युत शहाला अमेरिकेत घेऊ नका असा तेहरानमधील वकिलातीचा इशारा असताना, किसिंजर आणि रॉकफेलर यांच्यासारख्या जाणत्यांच्या दडपणापुढे ते अखेर नमले. त्याच वकिलातीतील माणसे मग ४४४ दिवस ओलीस राहिली.

जो बायडेन यांनी सेनेटमध्ये छत्तीस वर्षे काढली, परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि आठ वर्षे ते उपाध्यक्ष होते. जुलै २०२१ मध्ये काबूलच्या वकिलातीतील वीसहून अधिक अधिकाऱ्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना तार केली की, अमेरिकन सैन्य निघताच अफगाण सरकार झपाट्याने कोसळेल. मतभेद कळविण्याचा जो मार्ग ढाक्याच्या तारेने वापरला होता, तोच त्यांनी वापरला. त्याच महिन्यात बायडेन जाहीरपणे म्हणाले होते की, तालिबान सारा देश व्यापतील असा संभव फारच थोडा आहे. १५ ऑगस्ट रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले.