जुना आवाज मोडीत निघतो का?

आपल्या घरांत जुन्या वस्तूंचा निरोप घेण्याची एक रीत आहे. पितळेचे पातेले चेपले, की त्याची मोड देऊन नवे घ्यावे. तराजूत वजन होते, भाव ठरतो आणि मनाला टोचणीही लागत नाही. परंतु ज्यांतून पंचेचाळीस वर्षे घरात गाणे वाहिले, त्या ध्वनिक्षेपकांची मोड कोणत्या तराजूत घालावी? इंदूरच्या आमच्या घरात २०२४ च्या दिवाळीत हा प्रश्न उभा राहिला. तो इतरही घरांत या ना त्या रूपाने उभा राहत असेल, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमचे काका नोकरीनिमित्त इंग्लंडात होते. १९७९ साली परतताना त्यांनी रॉजर्स कंपनीची ‘एलएस थ्री फाइव्ह ए’ ही स्पीकरची जोडी आणली. पेटी अवघी एक फूट उंच, साडेसात इंच रुंद. आतली पोकळी सुमारे पाच लिटरची. बीबीसीच्या संशोधन विभागाने हा नमुना सिद्ध केला तो चैनीसाठी नव्हे. स्टुडिओबाहेरील कार्यक्रमांचे प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत, अपुऱ्या जागेत बसलेल्या अभियंत्याला आवाज पारखता यावा, हा त्यामागील हेतू. पातळ प्लायवुडची पेटी, तिचा कंप दाबण्यासाठी आतून लावलेले डांबरी थर, आणि माणसाचा आवाज माणसासारखाच यावा हा आग्रह. आम्ही गाणे ऐकावयास शिकलो ते या पेट्यांसमोर, सतरंजीवर बसून. याच इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची तबकडी काका रविवारी रात्री लावीत, आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

मात्र या पेटीची मर्यादा तिच्या आकारातच आहे. गायकाने काळी एक हा षड्ज धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. एवढा खालचा स्वर पुरेशा बळाने उमटविण्यास लहान पेटी असमर्थ ठरते. तरीही आम्हांला खर्ज ऐकू येत होता, तो कसा? तारेतून मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात, आणि जवारीमुळे ते अधिकच खुलतात. हे वरचे स्वर कानी पडले, की क्षीण झालेला मूलस्वर आपली श्रवणेंद्रिये स्वतःच भरून काढतात. म्हणजे इतकी वर्षे आमच्या घरातला निम्मा खर्ज तबकडीतला होता, तर निम्मा आमच्या मनातला!

काका २०१६ साली गेले. त्यानंतर आमच्या चिरंजीवांनी मोठ्या जोडीचा आग्रह धरला, आणि स्वतःच्या कमाईतून हार्बेथ कंपनीचे दोन फूट उंचीचे स्पीकर आणले. ही कंपनी १९७७ साली डडली हारवुड यांनी स्थापन केली. लहान पेटीविषयी बीबीसीने १९७६ साली जो अहवाल काढला, त्याच्या लेखकांत याच हारवुडांचे नाव आहे. तेव्हा नवे पाहुणे परके नव्हते. जुन्यांच्याच घराण्यातले होते.

तुलना करताना एक पथ्य पाळावे लागते. जो आवाज किंचित मोठा, तोच कानाला चांगला वाटतो. नवी जोडी त्याच विद्युत्‌शक्तीत जुनीपेक्षा सुमारे तीन डेसिबलने अधिक बोलते. म्हणून बटण कमीजास्त करून दोन्ही आवाज समान केल्याखेरीज निवाडा करू नये. दुसरी गोष्ट खोलीची. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात सारली, की खालचे स्वर फुगतात आणि डग्गा घुमू लागतो. आम्ही पेट्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेतल्या, कोटा फरशीवर जाड सतरंजी अंथरली, आणि पंधरा दिवस त्याच त्या तबकड्या ऐकल्या. कानाला सवय होण्यास तेवढा अवधी द्यावाच लागतो.

फरक नि:संशय होता. डग्ग्यावरची मींड पायथ्यापासून वर चढताना ऐकू आली. दरबारीतल्या मंद्र स्वरांना अंग आले. ऐंशी ओलांडलेल्या काकू डोळे मिटून ऐकत होत्या. “अरे, तंबोरा आता जमिनीवर बसला,” त्या म्हणाल्या. क्षणभर थांबून पुन्हा बोलल्या, “पण ह्यांनी ऐकलेलं गाणं हे नव्हे रे.”

दोन्ही वाक्ये खरी होती. नव्या जोडीने तबकडीतले गाणे अधिक पूर्ण दिले, हे नाकारणे म्हणजे जुन्याच्या प्रेमापोटी कानाशी अप्रामाणिक होणे. आणि काकांनी जे ऐकले त्यात त्यांच्या मनाने भरलेला स्वरही होता. तो कोणत्याही यंत्रातून निघणार नाही. हौशी संग्राहक जुन्या जोडीला आज मोठी किंमत देतात. चिरंजीवांनी एक गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते. ते आम्ही परत पाठविले. त्यात निव्वळ भावुकपणा नव्हता. काकूंची खोली आठ फूट रुंदीची. लहान जागेत, जवळ बसून, हळू आवाजात ऐकण्यासाठीच तर ही पेटी घडविली गेली होती. तिथे ती मोठ्या पेटीहून सरस वाटते, हे आम्ही पारखून पाहिले आहे.

घरात वरच्या दर्जाची वस्तू अवश्य आणावी. मात्र जुनी वस्तू कोणत्या कामासाठी घडली होती, हे आधी विचारावे. ते काम घरात अजून शिल्लक असेल, तर तिची मोड करण्याचे कारण नाही. काकूंच्या खोलीत रविवारी रात्री दरबारी लागतो. दार उघडेच असते.